गोडाला हात न लावता साखर २७१: उपवासाच्या ताटाचं एक प्रकरण

काकूंचं वय ५६. सातारा जिल्ह्यातलं बाजाराचं गाव, घरचं किराणा दुकान, टाइप टू मधुमेहाचं निदान होऊन नऊ वर्षं झालेली. ओळख पटेल असा बाकीचा तपशील गाळला आहे. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे पाठवलं तेव्हा ज्येष्ठ नुकताच लागला होता. सोबतच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: पथ्य पाळत नाहीत, इन्सुलिन सुरू करण्याआधी एकदा बोलून घ्यावं.

फाइलमधला एचबीए१सी, म्हणजे ज्याला सगळे ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात तो, ८.६ टक्के होता. त्याआधीचा ८.१, त्याच्याही आधीचा ७.८. उपाशीपोटीची साखर मात्र दर वेळी १२८ ते १३८ च्या घरात, आणि लॅबमध्ये जेवणानंतर मोजलेली १७४. औषधं दोन: मेटफॉर्मिन ५०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा आणि सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड २ मिलीग्रॅम. वजन ५८ किलो, उंची १५२ सेंटिमीटर, कंबर मात्र ९१. दिसायला लठ्ठ नसलेल्या पण पोटाभोवती चरबी धरलेल्या आपल्याकडच्या शरीराबद्दल पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं सांगत आले आहेत. काकू त्या वर्णनात चपखल बसत होत्या. ‘बारीक तर आहे, हिला कसली साखर’ हे वाक्य त्यांनी निदानाच्या वेळी नातेवाइकांकडून ऐकलेलं होतं.

खुर्चीवर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, “मॅडम, नऊ वर्षांत मी गोडाला हात लावलेला नाही. चहा बिनसाखरेचा. नातवाच्या बारशाचा पेढा तसाच परत ठेवला. तरी घरात म्हणतात, ही दुकानात बसून बरणीतलं काहीतरी तोंडात टाकते.”

सोबत आलेली सूनबाई खाली बघत होती. बरणीचा आरोप घरात खरोखर झालेला होता हे तेवढ्यावरून कळलं.

मधुमेहाच्या रुग्णाचा आकडा वाढला की तो चोरून खात असणार, हे आपल्याकडे घरचे धरून चालतात, आणि दवाखान्यातही बऱ्याचदा तसंच धरलं जातं. मला याचा राग येतो. नऊ वर्षांपूर्वी काकूंना जे सांगितलं होतं ते ‘गोड बंद करा’ एवढंच होतं, आणि ते त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली आलेले आकडे भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचं सांगतात. त्यांतल्या किती जणांच्या पथ्याचा पहिला आणि शेवटचा धडा ‘गोड बंद’ हाच असेल, याचा विचार करून पाहावा.

आकडेच एकमेकांशी भांडत होते

८.६ टक्के एचबीए१सी म्हणजे दिवसरात्रीची सरासरी साखर दर डेसिलिटर रक्तामागे साधारण २०० मिलीग्रॅम. उठल्यावर जिची साखर १३० च्या आसपास असते, तिची सरासरी २०० यायची असेल तर दिवसातले बरेच तास ती २०० च्या पुष्कळ वर काढत असली पाहिजे. पण लॅबमधली जेवणानंतरची साखर तर १७४. यांतलं काहीतरी खोटं होतं.

आधी एचबीए१सीवरच शंका घेतली. शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढू शकतो, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये लोहाची कमतरता घरोघरी आहे. डॉक्टरांशी बोलून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करून घेतलं. दोन्ही ठीक निघालं, म्हणजे ८.६ वर विश्वास ठेवायचा.

मग विचारलं, “लॅबमध्ये दुसऱ्यांदा रक्त देण्याआधी काय खाता?”

“बाहेरच्या गाड्यावर दोन इडल्या. तपासणीचा दिवस, त्या दिवशी जास्त कशाला खायचं?”

लॅबनं नऊ वर्षं दोन इडल्यांनंतरची साखर मोजली होती. घरच्या ताटानंतरची साखर कुणी कधी बघितलीच नव्हती. यात काकूंची लबाडी नव्हती. तपासणीच्या दिवशी शहाण्यासारखं वागावं असं कुणालाही वाटतं. ‘रोज जेवता तेवढंच, तेच जेवून या’ हे वाक्य त्यांना एकदाही कुणी म्हटलेलं नव्हतं.

उपाशीपोटीचा आकडा का बरा होता तेही इथे सांगायला हवं. मेटफॉर्मिनचं मुख्य काम यकृतावर चालतं. रात्रभर यकृत रक्तात साखर सोडत राहतं, त्याला ते लगाम घालतं. जेवणानंतरची गोष्ट निराळी. निरोगी माणसात घास पोटात जाताच स्वादुपिंड इन्सुलिनचा पहिला जोरकस लोंढा सोडतं. टाइप टू मधुमेहात हा पहिला लोंढाच मंदावतो. जेवणातून साखर जितक्या वेगानं रक्तात येईल, तितकी ती तिथेच तुंबते. म्हणून अशा रुग्णाच्या ताटात पिष्ट, म्हणजे स्टार्च, किती आहे आणि ते किती लवकर विरघळणारं आहे, या दोन गोष्टींवर सगळं येऊन ठरतं. जिभेला ते गोड लागतं की नाही याच्याशी रक्ताला काही देणंघेणं नाही.

जे ‘खाणं’ म्हणून मोजलंच जात नव्हतं

रोजचं जेवण विचारलं तर उत्तर सरळ आलं: सकाळी पोहे किंवा उपीट, दुपारी दोन भाकरी, भाजी, एक डाव आमटी, रात्री भाकरी आणि थोडा भात. यात २०० ची सरासरी बसत नव्हती. मग भिंतीवरचं कॅलेंडर मोबाइलवर फोटो काढून मागवलं आणि मागच्या पंधरा दिवसांतला एकेक वार धरून विचारत गेले. पहिल्याच सोमवारी गाडी अडली.

“सोमवारी काही नसतं, उपवास असतो.”

सोमवार, गुरुवार, महिन्याच्या दोन एकादश्या आणि संकष्टी. महिन्यातले साधारण अकरा दिवस. श्रावणात शनिवार वेगळा. हे सगळे दिवस काकूंच्या हिशेबात ‘काही खात नाही’ या खात्यात जमा होते, म्हणून आधीच्या कुठल्याच आहाराच्या नोंदीत ते उतरले नव्हते. कुणी विचारलंही नव्हतं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणून घरात चेष्टा व्हायची, पण काकूंचं ताट दुप्पट नव्हतं. एकच ताट होतं.

सकाळी गोळी आणि बिनसाखरेचा चहा. पूजा, मग दुकानातली सकाळची गर्दी. साडेबारा-एकला साबुदाण्याची खिचडी, सोबत दही. चार वाजता एक केळं किंवा राजगिऱ्याची वडी. रात्री वरईचा भात आणि बटाट्याची भाजी, नाहीतर रताळ्याचा कीस. वडीत गूळ असतो हे मी म्हटल्यावर त्या गोंधळल्या. “पण ती उपवासाची आहे. त्यात साखर कुठे?” गुळाचा बहुतेक भाग तीच उसाची साखर असते. त्यातल्या चिमूटभर खनिजांनी रक्तातला आकडा थांबत नाही. हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि सूनबाईलाही.

जोडीची तपासणी

सल्ला द्यायच्या आधी पुरावा हवा होता, आणि तो काकूंच्या स्वतःच्या बोटातून यायला हवा होता. ग्लुकोमीटर घरी होता, पण फक्त सकाळी उपाशीपोटी वापरला जायचा. पट्ट्या स्वस्त नाहीत, म्हणून ठरवलं की दिवसातून एकाच जेवणाची जोडी घ्यायची: पहिल्या घासाच्या आधी एक, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एक. हात साबणानं धुऊन, कोरडे करून. नुकतंच केळं सोललेल्या बोटावर राहिलेली साखरसुद्धा आकडा फुगवते, हे मुद्दाम बजावलं. जेवण मात्र नेहमीचंच, माझ्यासाठी काहीही बदलायचं नाही. सूनबाईनं वही केली आणि ती इतकी नीट ठेवली की पुढचं निम्मं काम त्या वहीनंच केलं.

सोमवारची खिचडी: आधी १२८, दोन तासांनी २७१.

पोह्यांची भरलेली ताटली: १२४ वरून २१९. दोन भाकरी आणि बटाट्याची भाजी: १२६ वरून २१४. एक भाकरी, मोठी वाटी मटकीची उसळ, काकडी आणि ताक, हे एके दिवशी बटाटे संपले म्हणून झालं, ते १३१ वरून १६८. तब्येतीला चांगली म्हणून सकाळी घेतलेली नाचणीची पातळ आंबील १३० वरून २१२ वर गेली, आणि काकूंना याचंच सगळ्यात वाईट वाटलं. नाचणीनं साखर कमी होते असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. नाचणीत तंतू आहेत, कॅल्शियम भरपूर आहे, हे खरंच. पण बारीक दळलेलं पीठ पाण्यात शिजवून पातळ करून प्यायलं की पचनाला करायला फारसं काही उरत नाही. पुढे त्याच पिठाची एक भाकरी पालेभाजीबरोबर खाल्ली तेव्हा दोन तासांचा आकडा १७७ होता. धान्याच्या नावावरून आकडा सांगता येत नाही, याचा इतका सरळ दाखला मला क्वचित मिळाला आहे.

आणखी एक नोंद अनपेक्षित होती. वटपौर्णिमेला घरी पुरणपोळी झाली. काकूंनी नेहमीप्रमाणे ती खायची नाही असं ठरवलं होतं, पण मीच म्हटलं की नेहमीचं जेवण थोडं आटोपशीर ठेवून, आधी कोशिंबीर, मग कटाची आमटी आणि शेवटी अर्धी पोळी तुपाबरोबर खा, आणि मोजा. १२७ वरून १८३. त्यांचा फोन आला तेव्हा काही क्षण त्या बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, “म्हणजे मी नऊ वर्षं पोळी सोडून खिचडी खात होते.”

इथे घाई करून चालणार नव्हतं. तुपासारखा स्निग्ध पदार्थ पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतो, त्यामुळे साखरेची चढण पुढे सरकते आणि दोन तासांच्या मापात पूर्ण सापडत नाही. पुढच्या सणाला तेच जेवण घेऊन साडेतीन तासांनी मोजायला सांगितलं, तेव्हा १९८ आली. म्हणजे पुरणपोळी निर्दोष नाही. पण अर्धी पोळी, ताटाच्या शेवटी, डाळीच्या पुरणाची, हे त्यांच्या शरीराला खिचडीपेक्षा पुष्कळ झेपणारं होतं.

साबुदाण्यात एवढं काय आहे

साबुदाणा हे धान्य नाही. आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो आणि तो टॅपिओकाच्या कंदापासून बनतो. कंद किसून, धुऊन त्यातला चीक वेगळा काढतात, त्याचे गोल दाणे पाडतात आणि ते वाफवून किंवा भाजून वाळवतात. या वाटेत कंदातले तंतू, प्रथिनं, सगळं मागे राहतं. उरतं ते जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि प्रथिनं अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. शिवाय दाणा तयार होतानाच त्यातलं पिष्ट अर्धवट शिजलेलं असतं, मग आपण तो भिजवतो आणि परत वाफेवर शिजवतो. पाचकरसांपुढे तो अगदी उघडा पडलेला असतो.

काकूंनी खिचडीसाठी त्यांच्या वाटणीचा साबुदाणा वजन करून पाहिला. भिजवण्याआधी ८० ग्रॅम. म्हणजे ७० ग्रॅम पिष्ट, त्यात एका बटाट्याचं आणखी १५-१६ ग्रॅम. चहाचा एक चमचा साखर ५ ग्रॅम धरली तर हे सतरा चमच्यांच्या बरोबरीचं. हा हिशेब मी दुकानातल्या तागडीवर, काकूंच्याच हातून करवून घेतला. साखर पुडीत घालून समोर ठेवल्यावर त्यांचे यजमान, जे तोवर या सगळ्यापासून लांब होते, उठून जवळ आले. दाण्याचं कूट आणि दही यांनी ही चढण थोडी मंदावते, नाहीतर २७१ वर भागलं नसतं. पण एवढ्या पिष्टापुढे मूठभर कूट किती पुरं पडणार?

पदार्थ रक्तातली साखर किती वेगानं वाढवतो हे मोजायची ग्लायसेमिक इंडेक्सची पद्धत टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. ५५ पर्यंत कमी, ७० पासून पुढे जास्त. तिचे तक्ते मोबाइलवर फिरत असतात आणि लोक ते हवामानाच्या अंदाजासारखे वाचतात. पण हा आकडा ठरावीक, सहसा ५० ग्रॅम, कर्बोदकांवर काढलेला असतो. ताटात किती वाढलं, सोबत काय होतं, आधी काय खाल्लं, रताळं उकडलं होतं की भाजलं होतं, हे तक्त्याला माहीत नसतं. आणि खाणारा कोण आहे हेही माहीत नसतं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं २०१५ मध्ये ८०० लोकांवर केलेल्या अभ्यासात एकाच जेवणावर वेगवेगळ्या माणसांची साखर अगदी वेगळी वाढलेली दिसली. म्हणून काकूंची वही शेजारणीनं उतरवून घेऊ नये. शेजारणीनं स्वतःची वही करावी.

दुसरी, जास्त धोक्याची बाजू

वहीतच एक नोंद सापडली जिनं मला खिचडीपेक्षा जास्त घाबरवलं. एका गुरुवारी, सकाळी साडेअकरा: ६४. समोर सूनबाईनं लिहिलं होतं, ‘घाम, हात थरथर’. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. उपवासाच्या दिवशी काकू सकाळी गोळी घ्यायच्या आणि पहिला घास साडेबारा-एकला. चार-पाच तास गोळी रिकाम्या पोटावर काम करत होती. अशा वेळी घरच्यांनी दोन चमचे साखरेचं पाणी, एक केळं आणि लगेच पूर्ण ताटभर खिचडी असं सगळं दिलं. तीन तासांनी साखर २९६.

“उपवासाला चक्कर येतेच, त्यात काय,” असं काकूंनी वर्षानुवर्षं मानलं होतं. ते मानणं थांबवणं हे या प्रकरणातलं पहिलं काम होतं. ७० च्या खाली साखर आली की तीन चमचे साखर पाण्यात किंवा तेवढाच गोड रस, पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, अजून कमी असेल तर तेवढंच पुन्हा. सावरल्यावर मग जेवण. दुकानाच्या गल्ल्यात साखरेच्या पुड्या ठेवल्या. बरणीत हात घातल्याचा आरोप ज्यांच्यावर होता, त्यांना आता जवळ साखर ठेवायला मी सांगत होते, आणि ते घरात सगळ्यांसमोर सांगितलं.

वही घेऊन काकू डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी ती पूर्ण वाचली, ग्लिमेपिराइड बंद केली आणि रिकाम्या पोटी साखर सहसा पाडत नाही अशी सिटाग्लिप्टिन दिली. इन्सुलिनचा विचार तीन महिने पुढे ढकलला. हा निर्णय डॉक्टरांचाच. उपवास करणाऱ्या कुणीही हे वाचून आपली गोळी स्वतः बंद करू नये. आणि इन्सुलिन ही शिक्षाही नव्हे. काकूंना पुढे कधी ते लागलं तर घ्यावं लागेल, एवढं मी त्यांना आधीच सांगून ठेवलं.

ताट बदललं ते असं

उपवास सोडा असं मी म्हटलं नाही. चाळीस वर्षं केलेली एकादशी आकड्यांसाठी सोडायला लावणं मला पटत नाही, आणि काकूंनी ते ऐकलंही नसतं. आषाढी तोंडावर होती. बोलणं एवढ्यावर आलं की सोमवार आणि एकादशी राहतील, संकष्टी राहील, आणि गुरुवारचं काय करायचं ते त्या स्वतः ठरवतील. दोन दिवसांनी त्यांनी कळवलं: गुरुवारी एकभुक्त, दुपारी एकदा साधं जेवण आणि रात्री फक्त दूध. मार्गशीर्षातले गुरुवार वेगळे, त्यांना हात लावायचा नाही.

उपवासाच्या मुख्य जेवणातून साबुदाणा निघाला. त्याच्या जागी वरईचा भात, एक वाटी, वाटी सूनबाईनं दाखवली तीच छोटी. वरईतही पिष्टच मुख्य आहे, पण निदान थोडे तंतू आणि प्रथिनं आहेत. सोबत दाण्याची आमटी भरपूर, आणि सगळ्यात आधी दही घातलेली काकडीची कोशिंबीर. त्यांच्या घरी लाल भोपळा उपवासाला चालतो, म्हणून त्याचं भरीत. बटाटा आणि वरई एका ताटात नाही. सकाळी पोट रिकामं ठेवायचं नाही: एक कप दूध आणि मूठभर भाजलेले दाणे. वडी बंद, केळं अर्धं आणि तेही दह्याबरोबर. राजगिरा हवाच असेल तर पिठाचं थालीपीठ. लाह्या नकोत, कारण फुललेला दाणा फार लवकर पचतो. पहिल्या एकादशीला वरई-आमटी-कोशिंबीर या ताटाची जोडी आली १२६ आणि १७६.

खिचडी मात्र पूर्ण सुटली नाही. देवळातून प्रसाद म्हणून येते, ती दोन चमचे, जेवणाच्या शेवटी.

साध्या दिवसांत बदल कमी केले. दोनऐवजी एक भाकरी, आणि दुसऱ्या भाकरीची जागा उसळीनं भरायची. पोहे त्यांना सोडवत नव्हते, म्हणून पोहे निम्मे आणि निम्मे वाफवलेले मूग, मटार, दाणे. तरीही १९४ आली. नाश्ता हे या प्रकरणातलं अर्धवट राहिलेलं काम आहे. रात्रीचा एक डाव भात मी ठेवू दिला, कारण भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही असं म्हणणाऱ्या माणसाचा भात तोडला की तो दहा दिवसांनी दुप्पट होऊन परत येतो.

जेवणाचा क्रम बदलणं सगळ्यांत सोपं गेलं. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली ११ मधुमेहींवर छोटा अभ्यास झाला होता. भाज्या आणि प्रथिनं आधी, पाव आणि रस नंतर, असं खाल्ल्यावर तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्के कमी होती. अकरा माणसं म्हणजे फार नव्हे, पण कोशिंबीर आधी खायला पैसे पडत नाहीत. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं चालणं हेही त्याच जातीचं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालणाऱ्यांची जेवणानंतरची साखर, दिवसात कधीतरी एकदा अर्धा तास चालणाऱ्यांपेक्षा सरासरी १२ टक्के कमी होती, आणि रात्रीच्या जेवणानंतर फरक आणखी मोठा होता. काकूंचे गुडघे दुखतात. त्या दुकान बंद केल्यावर घरासमोरच्या अंगणात फेऱ्या घालतात, यजमानही सोबत असतात.

पुढे काय झालं

अनंत चतुर्दशी झाल्यावर एचबीए१सी केला: ७.३. सरासरी साखर साधारण १६३. या वेळी लॅबमध्ये जाताना डबा नेला होता, एक भाकरी आणि उसळ. नंतरची साखर १७१ आली आणि घरच्या वहीशी जुळली. वजन सव्वादोन किलोनं उतरलं. ७० खालची एकही नोंद नाही. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासायचं कित्येक वर्षं राहून गेलं होतं, तेही करून घेतलं. दोन्ही सुदैवानं ठीक आहे.

हे सगळं यश ताटाचं म्हणता येणार नाही. गोळी बदलली, चालणं वाढलं आणि जेवण बदललं, तिन्ही एकाच वेळी झालं. यातला कुणाचा वाटा किती ते एका माणसावरून वेगळं काढता येत नाही. घरच्या ग्लुकोमीटरचा आकडा खऱ्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, म्हणून १६८ आणि १७६ मधल्या फरकाला अर्थ नाही. २७१ आणि १७६ मधल्या फरकाला आहे.

नवरात्राचा उठता-बसता उपवास वरईवर पार पडला. दिवाळीत फराळानं आकडे वर गेले. चकलीही चिवड्याइतकीच साखर वाढवते, हे वहीत नोंदलं गेलं आणि भाऊबीजेनंतर डबे वरच्या फळीवर गेले.

आता मार्गशीर्ष सुरू आहे. गुरुवारी काकू दिवसभर दूध-दाण्यांवर राहतात आणि संध्याकाळी नैवेद्याच्या पूर्ण ताटावर उपवास सोडतात: वरण-भात, भजी, खीर. पहिल्या गुरुवारी दोन तासांनंतरची साखर २३८ होती. या गुरुवारी नैवेद्य तोच राहील, पण चार वाजता एक वाटी दही आणि थोडे दाणे खाऊन घ्यायचे, ताटावर बसल्यावर आधी भाजी आणि कोशिंबीर, भात एक डाव, खीर दोन चमचे, असं ठरलं आहे. त्याची जोडी सूनबाई शुक्रवारी सकाळी पाठवणार आहे.